अण्णांची पाण्याची वही

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले म्हणजे आमच्या घरात दोन गोष्टी घडतात. माळ्यावरची रद्दी काढायचे काम सौ. माझ्याऐवजी चिरंजिवांना सांगते, कारण "बाबा लिहितायत." आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "यंदा कशावर?"

यंदा पत्रातच विषय आलेला होता. साठीनंतरचे आयुष्य आणि उत्साह, असे काहीसे. खाली संपादकांच्या हातची एक ओळ होती : "आपण चाळिशीत आहात, तेव्हा तटस्थपणे लिहू शकाल." आता तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात कोण आहे ते त्याला दिसते; पाणी किती गार आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. मराठीच्या प्राध्यापकाला शब्दाची फोड केल्याशिवाय अन्न पचत नाही, असा माझ्या विद्यार्थ्यांचा जुना आरोप आहे. तो मला मान्य आहे. पण या वेळी त्या शब्दापाशी मी अडलो तो वेगळ्या कारणाने. गेल्या वर्षभरात आमच्या घरी जे घडले त्यात मी तटस्थ तर नव्हतोच, उलट बराचसा गुन्हेगार होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय सदुसष्ट. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली. हा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की तो पैठणच्या धरणातून निघत नसून अण्णांच्या खिशातल्या वहीतून निघतो. त्या वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, विसर्ग असे सारे टाकाने कोरल्यासारख्या अक्षरात लिहिलेले असे. आमच्या वाढदिवसांच्या तारखा अण्णांना आठवत नसत. परंतु कोणत्या साली कोणत्या आवर्तनाला किती दिवस पाणी चालले, हे ते झोपेतून उठवले तरी सांगत.

२०१६ साली ते अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि सरकारने त्यांना निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ. ज्या माणसाला आता कुठेही वेळेवर पोचायचे नाही, त्याला निरोपाच्या समारंभात घड्याळच का देतात, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. दोन वर्षांनी साठीशांत झाली. आपल्या पंचांगाचा हिशेब सरकारपेक्षा दिलदार आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे चक्र पुरे झाले की माणसाच्या जन्माचे संवत्सर पुन्हा फिरून येते. म्हणजे पंचांग म्हणते, आता पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणि त्याच पंचांगावर वाढलेली आपली भाषा म्हणते, साठी बुद्धी नाठी! ही म्हण कोणा मुलानेच केली असली पाहिजे. बापाने खास नव्हे.

असल्या समारंभात भाषण करायची वेळ माझ्यावर पुष्कळदा येते, आणि तेव्हा मी काय बोलतो तेही सांगून टाकतो. १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, म्हणजे ज्या वयात अण्णांना घड्याळ मिळाले त्याच वयाचे. आणि १९२९ साली त्याच विद्यापीठाच्या कामासाठी परदेशच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा सत्तरी गाठलेले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आमच्या गावात महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, तेव्हा ते एकोणसाठीत होते आणि प्रकृती पार पोखरलेली होती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या वेळी गोविंदभाई श्रॉफांनी साठी ओलांडलेली होती. ही नावे घेतली की टाळ्या पडतात. सत्कारमूर्तीही क्षणभर ताठ बसते. पण थोरांची उदाहरणे उंचावरच्या टाकीसारखी असतात. टाकी कितीही भरलेली असो, तिथून आपल्या घरापर्यंत नळ जोडलेला नसेल तर आपला हंडा रिकामाच राहतो.

अण्णांपुरता तो नळ जोडलेला होता, आणि तो मी तोडला. ते कसे, हे सांगायचे तर आधी आमच्या गावच्या पाण्याविषयी सांगितले पाहिजे.

पुण्यामुंबईच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी रोज येते असे माझ्या मुलाने कधी पाहिलेले नाही. मध्ये किती दिवस जातील, दिवसा येईल की रात्री, हे त्या त्या वस्तीच्या नशिबावर. जायकवाडीचे पाणी पन्नासेक किलोमीटर अंतरावरून, खालून वर चढवत आणावे लागते. कुठे वीज जाते, कुठे जलवाहिनी फुटते, आणि मग सगळे वेळापत्रक पुढे सरकते. म्हणून आमच्याकडे घर बांधताना माणसे देवघराआधी हौदाची जागा ठरवतात. पाणी आले की ते हौदात घ्यायचे, हौदातून मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे.

निवृत्त झाल्यावर महिनाभरातच अण्णांनी नवी वही घातली. तारीख, पाणी आल्याची वेळ, दाब, पाणी गेल्याची वेळ. पाणी सोडणाऱ्या माणसाशी त्यांची दोस्ती जमली. त्याला चहा पाजून ते व्हॉल्व्हच्या गोष्टी करीत. वर्षभरात त्यांचा अंदाज इतका बसला, की कॉलनीतली माणसे पंचांगाऐवजी त्यांनाच विचारू लागली. "अण्णा, उद्या पाणी आहे का हो? पाहुणे यायचेत." "अण्णा, रविवारी धुणं काढू का?" एका घरच्या लग्नात तर हळदीचा दिवस अण्णांना विचारून ठरला! रात्री दोनला पाणी येवो की पहाटे चारला, अण्णा उठलेले असत. आमचा हौद भरायला लावायचा, गल्लीतून एक चक्कर मारायची, ज्या घरात दिवा दिसत नाही तिथली कडी वाजवायची, मग अकरा पायऱ्या चढून गच्चीवर जायचे आणि टाकीत वाकून पाहायचे. सकाळी सायकलवरून भाजी, बँकेत पासबुक भरणे, विजेचे बिल. सदरा घामाने भिजलेला आणि चेहरा मात्र कालव्यावरून परतल्यासारखा.

आईचे तोवर काही बदललेले नव्हते, हेही लिहिले पाहिजे. तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी शालही दिली नाही आणि घड्याळही नाही. ती आज त्रेसष्ट वर्षांची आहे आणि हे लिहीत असताना अनारशाचे पीठ हाताने मळून पाहते आहे, कारण सुनेने मळलेले तिला पटत नाही. साठीनंतर काय करावे, असा प्रश्न आपल्याकडे पुरुषांनाच पडतो. बायकांना तो पडायला आधी कोणी निवृत्त तर केले पाहिजे.

गेल्या वर्षी श्रावणात, पावसाची भुरभुर चालू असताना, अण्णा गच्चीच्या जिन्यावरून घसरले. तिसऱ्या पायरीवरून खाली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "खुबा वाचला, देवाला नारळ फोडा." त्या रात्री मी झोपलो नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी काय काय ठरवून टाकले! आणि जे ठरवले ते मी अत्यंत कर्तव्यदक्षतेने अमलात आणले.

सायकल शेजारच्या गावी भाच्याला देऊन टाकली. भाजी घरपोच येऊ लागली. बँक आणि विजेचे बिल माझ्या मोबाइलवर गेले. गच्चीच्या दाराला कुलूप लागले आणि किल्ली माझ्या कपाटात. पाण्यासाठी कोपऱ्यावरच्या एका होतकरू विद्यार्थ्याला दरमहा पाचशे रुपयांवर ठेवले. पाणी आले की तो येऊन मोटार लावणार. अण्णांनी काय करायचे? काही नाही. आराम करायचा. "अण्णा, आता तुम्ही फक्त जपा हं." हे वाक्य त्या काळात मी दिवसातून किती वेळा म्हटले असेन!

पुन्हा शब्दाची फोड करतो, क्षमा असावी. आमच्या घरी आजीचा तांब्याचा मोठा हंडा आहे. तो फार जपून ठेवलेला आहे. म्हणजेच पंधरा वर्षांत त्यात कोणी पाणी भरलेले नाही.

प्लास्टर निघाले, मनगट बरे झाले, पण अण्णा उठेनात. प्रथम सकाळचा चहा खाटेवर घेऊ लागले. मग दाढी एक दिवसाआड झाली, मग दोन दिवसांआड. दिवाळीत फराळाला आलेल्या मंडळींना पाहून नुसते हसले. संक्रांतीच्या सुमारास एकदा त्यांनी मला विचारले, "आज वार कोणता?" ज्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या आवर्तनांच्या तारखा तोंडपाठ ठेवल्या त्यांना वार आठवेना! दूरदर्शन संच दिवसभर चालू असे आणि अण्णा त्याकडे, खरे म्हणजे, पाहत नसत. चालताना भिंतीचा आधार घेऊ लागले. जी भिंत आठ वर्षे त्यांनी कधी शिवली नव्हती, तिच्यावर पाचसहा महिन्यांत कमरेइतक्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला.

मी रक्त तपासून घेतले, डोके तपासून घेतले. साखर थोडी वर, बाकी ठीक. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. ते आमचे जुने परिचित आहेत आणि बोलताना भीड ठेवत नाहीत. म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही वडिलांना वाचवताय की बसवताय? या वयात अंथरुणावर काढलेले थोडे दिवसही पायांचं मांस खातात. एकदा पडलेला माणूस पडायच्या भीतीनं बसतो, बसला की पाय सुटतात, पाय सुटले की तोल जातो, आणि मग तो खरोखर पडतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं बऱ्यापैकी हालचाल करा म्हणते, आणि वर तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम. तुम्ही त्यांना आठवड्याला किती मिनिटं चालवता?"

मी घरी येऊन ताबडतोब अण्णांना बागेत फिरायला नेले. रोज वीस मिनिटे, घड्याळ लावून. चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "हे कुठे जाण्यासाठी?" मी म्हटले, "कुठे नाही, अण्णा. तब्येतीसाठी." ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचे पाय दुखू लागले.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यांना फिरायला कशाला नेतोस? त्यांना कामाला पाठव." मी ते हसण्यावारी नेले.

त्याच सुमारास मला महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी गावाच्या इतिहासावर चार पाने लिहायची होती, आणि लिहिता लिहिता मी मलिक अंबरापाशी येऊन थांबलो. वास्तविक त्याची आणि माझी जुनी ओळख. अण्णांनीच करून दिलेली. मी सातआठ वर्षांचा असताना सुटीच्या रविवारी अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून जुन्या गावात नेत आणि नहरीचे दगडी मनोरे दाखवीत. "हा बघ आमच्या खात्यातला सर्वांत जुना माणूस," असे ते अंबराविषयी म्हणत. मला वाटे, अंबर नावाचे कोणी अधीक्षक अभियंता होऊन गेले असावेत.

नहर म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. गावाच्या उत्तरेच्या डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा करायचे, जमिनीखालूनच बांधीव मार्गाने आणि खापराच्या नळांनी गावात आणायचे, आणि ठिकठिकाणी मनोरे उभे करायचे. मनोऱ्यात पाणी वर चढते, तिथे कोंडलेली हवा सुटते, आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे चालू लागते. मोटार नाही, वीज नाही; नुसता उतार ओळखायचा. पाणचक्की पाहायला येणारे प्रवासी तिथली नहर पाहून हीच ती अंबराची, असे समजतात. पाणचक्कीची नहर वेगळी आणि बरीच नंतरची. पण अंबराच्या नहरीने या गावाला पुढे शेकडो वर्षे पाणी पाजले, ही गोष्ट खरी.

तर लिहिता लिहिता मी सहज वजाबाकी केली. अंबराचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. हबसाण देशात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादकडच्या बाजारातून हात बदलत बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान नावाच्या मंत्र्याकडे आला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही बुडाली असे सर्वांनी धरले, तेव्हा याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली. आणि १६१० साली, खडकी नावाच्या गावठाणावर, त्याने हे आमचे शहर वसवले. म्हणजे अंबर तेव्हा बासष्ट वर्षांचा होता! माझे सारे आयुष्य ज्या गावात गेले, ते गाव एका साठी उलटलेल्या माणसाने मांडले, हे मला शेचाळिसाव्या वर्षी कळले. तारखा तर मला कधीच्याच पाठ होत्या. वजाबाकी करायची कोणी सांगितली नव्हती.

बरे, मांडून तरी सुखाने बसावे? १६१६ साली मोगली फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली. पुन्हा उभी केली. १६२१ साली पुन्हा जाळपोळ. पुन्हा उभी केली. जहांगीर बादशहा त्याच्यावर एवढा चिडला होता की त्याने आपल्या चित्रकाराकडून, अबुल हसनकडून, एक चित्रच काढून घेतले : भाल्यावर अंबराचे शिर आहे आणि बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात बादशहाला ते शिर कधीच मिळाले नाही. १६२४ साली भातवडीला अंबराने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना धूळ चारली; शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली, असे सांगतात. अण्णा ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढे. "शहात्तराव्या वर्षीसुद्धा बघ, पाणी कुठून कुठं जाईल हे त्याला सगळ्यांच्या आधी दिसत होतं!" दोन वर्षांनी, १६२६ त, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख षष्ट्यब्दीच्या भाषणासारखा होईल. म्हणून खुलताबादच्याच दुसऱ्या कबरीची आठवण करून देतो. औरंगजेब १६८१ साली दख्खनेत उतरला तेव्हा तोही त्रेसष्ट वर्षांचाच होता. उत्साह म्हणाल तर अंबरापेक्षा कांकणभर जास्तच. पुढची पंचवीस वर्षे तो छावणीतच राहिला, ऐंशी उलटल्यावरही किल्ल्यांना वेढे घालीत हिंडत होता, आणि १७०७ साली अहमदनगरला वारला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. ज्यांचे नाव आज आमच्या शहराला आहे, त्या संभाजी महाराजांचे बत्तिसावे वर्षही त्याने पुरे होऊ दिले नाही. म्हातारपणी खटपट करीत राहणे हा काही आपोआप गुण ठरत नाही. घरोघरी असे छोटे औरंगजेब असतात. त्यांना कशाचीच किल्ली सोडवत नाही, आणि त्यांच्या मुलांचे केस त्यांच्या देखत पांढरे होतात. पण आमच्या घरी किल्ली न सोडणारा म्हातारा नव्हता. किल्ली माझ्या कपाटात होती.

मे महिन्यातली गोष्ट. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. पाण्याची पाळी चुकून दोन दिवस वर झाले होते, टाकीत तळाशी हातभर पाणी. आमचा होतकरू विद्यार्थी बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. त्याने तसे सांगितले होते. मीच विसरलो होतो. रात्री कधीतरी मला जाग आली. तहान लागली म्हणून उठलो तो अण्णांची खाट रिकामी, पुढचे दार उघडे. माझ्या पोटात धस्स झाले. वाट चुकले, हाच पहिला विचार. अनवाणीच बाहेर धावलो.

गल्लीत अंधार होता. समोरच्या आजींच्या अंगणात बॅटरीचा झोत हलताना दिसला. या आजी ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात, मुलगा परदेशी. अण्णा त्यांच्या हौदाचे लोखंडी झाकण उचलून बाजूला ठेवीत होते. ज्या हाताचे मनगट मोडले होते, त्याच हाताने! आजी दारात कंदिलासारखा मोबाइल धरून उभ्या. पलीकडच्या दोन घरांत दिवे लागलेले, मोटारींचा घरघराट चालू. आमच्या हौदातही पाणी पडत असल्याचा आवाज तेव्हा माझ्या ध्यानी आला.

मी ओरडलो. समोर आजी होत्या, शेजारी जागे होते, तरी मी वडिलांवर ओरडलो. अंधारात कुठे पाय पडला असता तर? कोणाला हाक मारायची नाही? ही काय वेळ आहे?

अण्णा सरळ उभे राहिले. पाचसहा महिन्यांत मी त्यांना असे सरळ उभे पाहिले नव्हते. म्हणाले, "पाणी आलं होतं."

एवढेच. मग थोड्या वेळाने, माझी कीव आल्यासारखे, पुढे म्हणाले, "दीड तास असतं. झोपेत गेलं असतं सगळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ते दाढी करून बसले होते. टेबलावर वही उघडी. 'रात्री २-१० पाणी आले. दाब कमी. ३-३५ गेले.' अक्षर थोडे कापरे, पण तेच. त्याआधीची नोंद गेल्या श्रावणातली, पडण्याच्या आदल्या पाळीची. मधली पंचवीसतीस पाने कोरी. मी विचारले, "ही का सोडलीत?"

"तेवढ्या पाळ्या झाल्या. पण ते पाणी मी पाहिलं नाही. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, खात्याचा नियम आहे."

मी कपाट उघडले, गच्चीच्या कुलपाची किल्ली काढली आणि वहीवर ठेवली. अण्णांनी ती लगेच उचलली नाही. चष्मा पुसला, वही मिटली, आणि मग किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

त्यानंतर सारे गोड झाले असे मात्र नाही. सौ.चे आणि माझे यावरून चांगलेच वाजले. तिचे म्हणणे, "परत पडले तर रजा मी काढायची की तुम्ही?" आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, अजूनही नाही. तडजोड म्हणून जिन्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसवला, पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला, अण्णांना खरखरीत तळव्याचे बूट आणले. डॉक्टरांनी तोल सांभाळायचा एक व्यायाम दिला आहे : ओट्याला हात धरून एका पायावर उभे राहायचे. सकाळी अण्णा स्वयंपाकघरात बगळ्यासारखे उभे असतात आणि आई त्यांना बाजूला सरकवून फोडणी करते. सायकलीचा विषय त्यांनी काढला, मी नाही म्हटले, ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सायकल आलेली नाही. पासष्टीपुढच्यांना एस.टी.त अर्धे तिकीट असते. ते काढून महिन्यातून एकदा ते एकटेच पैठणला जातात, धरणावर उभे राहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. तिथे काय करता, असे मी विचारत नाही. परतल्यावर वहीत पातळी लिहिलेली असते.

कधी वार विसरतात. मनगट पावसाळी हवेत दुखते. परवा वहीत 'दाब' ऐवजी 'दार' लिहिलेले पाहिले आणि मला बराच वेळ काही सुचले नाही. पण कॉलनीतले फोन पुन्हा सुरू झाले आहेत. "अण्णा, वसुबारसेला पाणी आहे का हो?" अण्णा वही उघडून मागची पाने चाळतात आणि वकिलासारखे सावधपणे सांगतात, "असावं. रात्री एकनंतर धरून चाला."

कालची रात्र. एक वाजून गेला असावा. मी जागा होतो. हाच लेख डोक्यात घोळत होता. खाट कुरकुरली, बूट घातल्याचा आवाज आला, कडी निघाली. मी उठून बसलो. सौ.ने अंधारातच माझा हात धरून ठेवला, ती कधी जागी झाली कोण जाणे. बाहेर हौदात पाणी पडू लागले. मग जिन्यावर पावले वाजू लागली आणि मी मोजू लागलो. चौथीवर थांबली, बहुधा श्वास घ्यायला. पुन्हा चालू झाली. नऊ, दहा, अकरा. गच्चीची कडी. बऱ्याच वेळाने तीच पावले खाली, आणि मोटार सुरू झाली. मी आडवा झालो. समोरच्या आजींच्या फाटकाची कडी वाजली, आणि आतून आजींचा आवाज आला, "उठले हो अण्णा, उठले!"